तुम्ही विचारलंत म्हणून: गाडीत आत काय काय करून घेऊ?

"ताई, ईको कार्गो घेतली. आता आत काय काय करून घेऊ?" हे मला आमचा पाव घेणारे दुकानदार विचारतात, पापड-मसाल्याचा धंदा नव्यानं सुरू केलेल्या बायका विचारतात, एकदा तर गॅसच्या पंपावर मागच्या गाडीवाल्यानं खाली उतरून विचारलं. ईको कार्गो म्हणजे मारुतीची मालवाहू व्हॅन, माझीही तीच. तिचं मागचं दार उघडलं की रॅक, क्रेट, दिवा सगळं जागच्या जागी दिसतं, त्यामुळे माझ्याकडे एखाद्या फॅब्रिकेटरचा, म्हणजे रॅक-चौकटी बनवून बसवणाऱ्याचा, नंबर असणार असा सगळ्यांचा अंदाज. नंबर आहे, देतेही. पण आधी उलट विचारते: जे बसवणार आहात ते काढायला किती वेळ लागेल?

समोरचा गोंधळतो. बसवायच्या आधी काढायची गोष्ट काय करते ही बाई!

चिपळूणला आमची छोटी बेकरी आहे. पहाटे पाव, खारी, टोस्ट घेऊन गाडी गुहागरच्या बाजूला लाइनवर, म्हणजे दुकानोदुकानी माल द्यायला, जाते. मैदा संपत आला की तीच गाडी कऱ्हाडला जाऊन पोती भरून कुंभार्ली घाटानं खाली येते. पावाचे क्रेट जागा खूप खातात, वजनाला काहीच नसतात. मैद्याचं पोतं दिसतं एवढंसं, पण भरतं पन्नास किलो. ही दोन्ही कामं एका गाडीत होतात कारण माझे रॅक बोल्टांवर उभे आहेत. तेराचा पाना घेतला, बोल्ट सोडवले, रॅक बाहेर अंगणात. वेल्डिंग करून पत्र्याला चिकटवले असते तर मैद्यासाठी दर वेळी भाड्याचा टेम्पो सांगावा लागला असता.

तेव्हा माझं उत्तर एवढंच, की पान्यानं सुटत नाही ते गाडीत बसवू नका. बाकी सगळा त्याचाच विस्तार.

सुरुवात वजनापासून करा. आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, काढा. तिच्यावर रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं असे दोन आकडे असतात. वजाबाकी करा. समजा सहाशे किलो आले. लोकांना वाटतं सहाशे किलो माल बसतो. पण ड्रायव्हर त्यातच धरायचा, सत्तर किलो. शेजारी पोरगा बसतो, साठ. लोखंडी चौकोनी पाइपचे दोन्ही बाजूंचे रॅक सहज साठ किलोंवर जातात. आठ बाय चार फुटांची 12 मिलिमीटरची प्लाय वीस ते पंचवीस किलो भरते, दोन लागल्या तर पंचेचाळीस धरा. उरले तीनशे पासष्ट, म्हणजे सात पोती. फॅब्रिकेटर 'एकदम मजबूत करून देतो' म्हणतो तेव्हा तो तुमचाच माल खाली उतरवत असतो. ॲल्युमिनियम लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचं असतं. महाग पडतं, पण क्रेटसारख्या हलक्या मालाला ते पुरतं. आणि पूर्ण उंचीचे रॅक कशाला हवेत? क्रेट एकमेकांवर बसतात, त्यांना फक्त हलू न देणारी चौकट आणि रॅचेटचा, म्हणजे खटक्यानं आवळायचा, पट्टा लागतो.

'एवढ्या लहान गाडीला कोण काट्यावर चढवतंय' असंही ऐकते. जादा वजनाला मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 खाली वीस हजारांचा दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार, आणि जादा माल जागेवरच उतरवायचा. ते राहू द्या. कुंभार्ली उतरताना वळणावर ब्रेकच्या लायनरचा जळका वास नाकात शिरतो आणि ब्रेकचा पाय नेहमीपेक्षा खोल जातो, तेव्हा पोलीस आठवत नाहीत. भरलेली गाडी ज्या गिअरवर घाट चढते त्याच गिअरवर उतरवायची. डिझेल-पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांच्या मागे अंतर ठेवून चालवते.

दुसरं म्हणजे हात कुठे पोचायला हवा ते. या गाडीचं इंजिन पुढच्या सीटांखाली. बॉनेटसारखं जे पुढे दिसतं त्यात इंजिन नाही. ऑइल बघायचं तर सीट उचलायची. म्हणून सीटवर जाड मॅट, मॅटवर गादी, गादीला शिवलेलं कव्हर आणि सीटखाली सामानाची पिशवी अशी सजावट केली की कोणी सीट उचलतच नाही आणि ऑइल कमी झाल्याचं दिवा लागल्यावर कळतं. सीटखालून उष्णता येते ही तक्रार खरी आहे. त्यासाठी उष्णता अडवणारी चंदेरी शीट मिळते, ती चालेल, पण सीटच्या खटक्यात अडकणार नाही अशी कापून घ्या. ऑइल बदलायचं किलोमीटर पुस्तिकेत दिलेलं असतं. पण खडतर वापरासाठी तिथेच वेगळा तक्ता असतो, तो कोणी वाचत नाही. दर शंभर पावलांवर थांबणारी, धुळीत आणि घाटात चालणारी गाडी त्याच तक्त्यात मोडते.

ओढ मागच्या चाकांना असल्यामुळे खालून लांब प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद मागे नेणारा दांडा, जातो. गिअर टाकून क्लच सोडताना खालून 'टक्' आवाज यायला लागला की बहुतेक वेळा शाफ्टचा क्रॉस, म्हणजे सांधा, गेलेला असतो. तेवढ्यात बदलला तर स्वस्तात सुटतं. डिफ्रन्शियलचं, म्हणजे ही ओढ मागच्या दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरपेटीचं, ऑइल तर लोक विसरूनच जातात, कारण ते गळेपर्यंत तक्रार करत नाही. मागच्या चाकांच्या ओढीचा आणखी एक परिणाम पावसात दिसतो. गाडी रिकामी असली की तांबड्या चिखलात मागची चाकं जागच्या जागी फिरतात. अशा वेळी दोन पोती मागच्या ॲक्सलच्या वर ठेवली की गाडी निघते, धक्का मारायला गाव गोळा करावं लागत नाही.

जमिनीला भोकं पाडण्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. पत्र्याखाली पेट्रोलची टाकी आहे, ब्रेकचे पाइप आहेत, सीएनजी असेल तर तिची नळी आहे. वरून ड्रिल मारणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. गाडी रॅम्पवर चढवून खालून खूण केल्याशिवाय ड्रिलला हात लावू देऊ नका. आधीपासून असलेली नटांची भोकं शोधा, ती सापडली तर उत्तमच. नवं भोक पाडावंच लागलं तर त्याच्या कडेला प्रायमर आणि रंग, खालून रुंद पट्टी, वर रबरी वॉशर. उघडी राहिलेली कड आमच्या कोकणात दोन पावसाळे काढत नाही.

गंजाचं खरं घर मात्र मॅटच्या खाली असतं. पूर्ण जमिनीला चिकटवलेली रबरी मॅट दिसायला झकास, पण तिच्याखाली गेलेलं पाणी बाहेर पडत नाही. मासळीवाल्यांच्या गाड्या बघा. बर्फाचं खारट पाणी खाली मुरतं आणि वरून नवी दिसणारी जमीन खालून चाळणी झालेली असते. त्यांनी उभ्या कडांचा ट्रे वापरावा, पाणी नळीनं बाहेर काढावं. मी मॅट नुसती अंथरते आणि पावसाळ्यात वरचेवर उचलून पत्रा पुसते. दारांच्या खालच्या कडेला पाणी जायची बारीक भोकं असतात, ती काडीनं मोकळी करा. अंडरकोटिंग, म्हणजे खालच्या पत्र्याला गंजरोधक लेप, करून घेताना ती भोकं बुजवली जात नाहीत ना, हे उभं राहून बघा. सरकत्या दाराच्या पट्टीत ग्रीस थापू नका. ग्रीस आणि धूळ मिळून रोलर खातात. पट्टी पुसून घ्यायची, रोलरला थेंबभर तेल, बस्स.

छताला आतून फोमचं अस्तर लावणं ही एकच गोष्ट मी चिकटवलेली आहे, तेवढा नियम मोडला. पत्र्याच्या बंद डब्यात गरम पाव ठेवला की घाम सुटतो, छतावरून थेंब पडतात आणि संध्याकाळपर्यंत पावाच्या लादीला बुरशीचा वास येतो. अस्तरानं थेंब थांबले. हवा खेळण्यासाठी मात्र छताला पंख्याचं भोक पाडलं नाही, चिपळूणच्या पावसात ते गळणारच. पाव पूर्ण निवल्याशिवाय भरायचा नाही, हा त्यावरचा फुकटचा उपाय. सीटमागची जाळी काढून जागा वाढवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. करकचून ब्रेक लागला की क्रेट कुठे येतील याचा विचार करा.

वायरिंगबद्दल मी कडक आहे. आतला दिवा, कॅमेरा, मोबाइलचा चार्जर यांसाठी मूळ वायर सोलून जोड मारून काळी टेप गुंडाळणारे कारागीर गल्लोगल्ली आहेत. बॅटरीपासून स्वतंत्र वायर, सुरुवातीलाच फ्यूज, आणि कंपनीच्या वायरिंगला हात नाही, एवढं त्यांना लिहून द्या. पावाच्या चुऱ्यानं उंदीर येतात आणि चुरा संपला की वायरीला लागतात, म्हणून रोज झाडू.

सीएनजी असेल तर सिलिंडरची चाचणी दर 3 वर्षांनी करावी लागते आणि व्हॉल्व्हपर्यंत हात थेट पोचावा लागतो. त्याच्यासमोर कप्पा बांधलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. गॅस गळला तर आधी कप्पा तोडणार का?

पुराचं विचारता म्हणून सांगते. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या बाजारपेठेत शिरलं. पाणी ओसरल्यावर कित्येकांनी पहिलं काय केलं असेल तर किल्ली फिरवली. इंजिनात पाणी असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग धुण्या-पुसण्याचं काम इंजिन उघडण्यावर जातं. पाणी चाकाच्या मध्याच्या वर चढलं असेल तर बॅटरीची वायर काढायची, गाडी टोचन लावून गॅरेजला न्यायची. इंजिन, गिअरबॉक्स, डिफ्रन्शियल तिन्हींचं ऑइल बघायचं. दुधाळ दिसलं की पाणी आहे. विम्यात इंजिनाच्या संरक्षणाची जोड घेतली आहे का ते पावसाच्या आधी पाहा. साध्या पॉलिसीत हे नुकसान बऱ्याचदा बसत नाही.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीतल्या नोंदीपेक्षा गाडीची रचना बदलता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेच ठामपणे सांगितलं. मागे बाक टाकून माणसं नेणं, खिडक्या कापणं हे त्यात आलं. रंगही आरसीवर असतो, बदलला तर नोंद हवी. बोल्टावरचा रॅक हा माल धरायचं सामान आहे, तो पासिंगच्या, म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीच्या, दिवशी घरी ठेवता येतो. पासिंग 8 वर्षांपर्यंत दर 2 वर्षांनी, पुढे दर वर्षी. मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी अशी परावर्तक पट्टी सोललेली नसावी. 'लायसन्सला बॅज, म्हणजे धंद्याची गाडी चालवायची वेगळी नोंद, लागतो का' हेही विचारतात. 7,500 किलोंपर्यंतच्या मालगाडीला हलक्या वाहनाचं साधं लायसन्स चालतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाच्या नोव्हेंबर 2024 च्या निकालानं मिटलं.

टायरची हवा दाराच्या खांबावरच्या तक्त्याप्रमाणे भरा, भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचा आकडा वेगळा असतो. पंक्चरवाल्याच्या अंदाजावर सोडू नका.

आता नंबर. माझा फॅब्रिकेटर बहादूरशेख नाक्याजवळ बसतो. त्याच्याकडे जाताना भुईकाट्यावर रिकाम्या गाडीचं वजन करून पावती खिशात ठेवा, रॅक बसल्यावर पुन्हा करा. मजुरी ठरवायच्या आधी त्याला सांगा, की बसवून झाल्यावर रॅक तुमच्यासमोर एकदा पूर्ण काढून पुन्हा बसवायचा आहे. नाही म्हणाला तर मला फोन करा, दुसरा नंबर देते.