नियुक्तिपत्र ते रेटिंग : माझा अनुभव

भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बी.एस्सी. झाल्यावर मी भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या कनिष्ठ कार्यकारी (हवाई वाहतूक नियंत्रण) या पदासाठी अर्ज केला. वयोमर्यादा २७ वर्षांची होती. परीक्षेत दोन तासांत १२० प्रश्न सोडवायचे होते, त्यांतले निम्मे माझ्याच विषयांचे होते आणि चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नव्हते, म्हणून मी एकही प्रश्न कोरा ठेवला नाही. पुढे आवाज चाचणी, अमली पदार्थांच्या सेवनाची चाचणी आणि वैद्यकीय तपासणी झाली.

नियुक्तीच्या वेळी प्रशिक्षणानंतर तीन वर्षे सेवा करण्याचे सात लाख रुपयांचे बंधपत्र लिहून द्यायचे होते. घरी शेतीवर चालणारा संसार असल्यामुळे वडिलांनी तो आकडा पुन्हा पुन्हा वाचला. मूळ वेतन ४०,००० रुपये आणि त्यावर महागाई भत्ता व इतर भत्ते, हे मी त्यांना कागदावर मांडून दाखवले, तेव्हा ते निश्चिंत झाले.

प्रयागराजच्या नागरी विमानन प्रशिक्षण महाविद्यालयात शिकताना सर्वांत अवघड गेले ते ऐकणे. रेडिओवर आकडे सुटे उच्चारायचे असतात. थ्रीला ‘ट्री’, फाइव्हला ‘फाइफ’ आणि नाइनला ‘नायनर’ म्हणायचे, म्हणजे खरखरीतही एका आकड्याच्या जागी दुसरा ऐकू येत नाही. ते मला आठवड्यात जमले. मात्र सिम्युलेटरवरच्या एका सरावात मी एका विमानाला फ्लाइट लेव्हल १२० पर्यंत, म्हणजे साधारण बारा हजार फुटांच्या उंचीपर्यंत, उतरण्यास सांगितले, वैमानिकाची भूमिका करणाऱ्याने सूचना परत म्हणून दाखवताना (याला रीडबॅक म्हणतात) ‘वन वन झिरो’ म्हटले आणि मला अपेक्षित असलेलेच ऐकू आल्यामुळे मी ते तसेच जाऊ दिले. ११० वर दुसरे विमान होते, आणि दोघांमध्ये राखायचे एक हजार फुटांचे अंतर माझ्या कानांदेखत संपले. प्रशिक्षकांनी सराव थांबवला आणि ध्वनिमुद्रण मला तीनदा ऐकवले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

महाविद्यालयातून बाहेर पडल्यावरही मी नियंत्रक झाले नव्हते, ही गोष्ट नातेवाइकांना समजावणे कठीण गेले. विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्यात कित्येक महिने परवानाधारक प्रशिक्षक माझ्या शेजारी हेडसेट लावून बसत आणि मी अडखळले की त्याच क्षणी बोलणे स्वतःकडे घेत. जबाबदारी त्यांची होती, म्हणून त्यांचे तसे करणे मला कधी लागले नाही. शिकवण्याचे हे काम करणाऱ्यांना स्वतःची पाळीही सांभाळावी लागते. नव्या भरतीचा आकडा जाहीर झाला की मला आधी त्यांची आठवण होते, कारण उमेदवार शेकड्यांनी निवडता आले तरी एका प्रशिक्षकाशेजारी एका वेळी एकच शिकाऊ बसू शकतो.

परीक्षकांसमोरची चाचणी उत्तीर्ण होऊन रेटिंग, म्हणजे त्या विमानतळावर स्वतंत्रपणे नियंत्रण करण्याची पात्रता, मिळाल्यावर मी प्रथम एकटीने मनोऱ्याची रेडिओ वारंवारता हाती घेतली, तेव्हा पहिल्या विमानाचा रीडबॅक शेवटच्या शब्दापर्यंत ऐकल्याशिवाय दुसऱ्याशी बोलले नाही. आता बदलीचा आदेश आला आहे. इथले रेटिंग तिथे चालत नसल्यामुळे नव्या विमानतळावर मी पुन्हा कोणाच्या तरी शेजारी शिकाऊ म्हणून बसणार आहे.