रिव्हॉल्वर, पुंगळ्या आणि दारूचा तराजू

रविवार, रात्र

आज रिव्हॉल्वर साफ करताना सुरुवातीचे दिवस आठवत राहिले. नेमबाजी शिकवणाऱ्या सरांनी मला पहिल्यांदा .३८ स्पेशल काडतुसाचं रिव्हॉल्वर हातात दिलं, तेही रिकामं. घोडा मागे न ओढता नुसता चाप दाबायचा, आणि तो लांब, जड प्रवास पुरा होईपर्यंत नळीच्या टोकावरची माशी हलू द्यायची नाही. कितीतरी दिवस एवढंच! गोळ्या नंतर. आज वाटतं, याहून चांगली सुरुवात नसतीच.

काडतुसं हाताने भरण्याकडे मला रिव्हॉल्वरनेच नेलं. पिस्तूल रिकामी पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, लांब भिरकावतं. रिव्हॉल्वरमध्ये ती जागच्या जागी राहते. काडतुसांचं फिरतं सिलिंडर उघडून दांडी दाबली की कोमट पितळ तळहातावर येतं. ते टाकून द्यायला जीव होत नाही.

सरांनी प्रेसला, म्हणजे काडतुसं भरायच्या यंत्राला, हात लावू देण्याआधी वजनकाट्यापाशी बसवलं. बंदुकीची दारू मोजायची ती ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे जेमतेम ६५ मिलिग्रॅम. .३८ स्पेशल हे काडतूस मुळात काळ्या दारूच्या काळातलं, म्हणून पुंगळी ऐसपैस. आजची धूरविरहित दारू तिच्या तळाशीच राहते. चुकून दुप्पट पडली तरी ती सहज मावते, आणि गोळी बसवल्यावर बाहेरून काहीच कळत नाही. दारू अजिबात पडली नाही, तर नुसता प्रायमर (पुंगळीच्या बुडाची, ठिणगी देणारी टोपी) गोळीला नळीत ढकलून तिथेच अडकवू शकतो. मागून दुसरी झाडली की नळीच फुटू शकते. म्हणून गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत विजेरीच्या उजेडात डोकवायचं, आणि टेबलावर दारूचा एकच डबा ठेवायचा. भरताना गप्पा नाहीत, गाणी नाहीत. प्रमाण छापील तक्त्यातलंच. कुणी सांगितलं म्हणून नाही.

तेव्हा बरोबरीच्या अनेकांना .३५७ मॅग्नमची ओढ होती. १९३५ सालच्या या काडतुसाची पुंगळी .३८पेक्षा तीन मिलिमीटरहून थोडी जास्त लांब, चुकून .३८च्या सिलिंडरमध्ये जाऊ नये म्हणून. मला मात्र सौम्य भाराची, सपाट तोंडाची वॅडकटर गोळीच आवडली. ती कागदात स्वच्छ गोल भोक पाडते, गुण मोजताना वाद उरत नाही. धक्का कमी, त्यामुळे चाप दाबताना आपण नेमकं काय केलं ते कळतं. नवशिक्यांना मी आजही तीच सुचवतो.