सीतेची आसवं बघायला कासला, आणि माझे वाया गेलेले 60 फोटो

सप्टेंबरचा दुसरा आठवडा, सकाळी साडेसहाला साताऱ्यातून निघालो आणि यवतेश्वरचा घाट चढेपर्यंत धुकं इतकं की वायपर चालू ठेवून गाडी चालवली. कासचं फुलांचं पठार साताऱ्यापासून साधारण 25 किमी. सीझनमध्ये एंट्रीचं बुकिंग ऑनलाइन आधीच करा, शनिवार-रविवार टाळता आला तर टाळाच.

जांभळा गालिचा लांबून दिसतो तो बऱ्याच ठिकाणी सीतेची आसवं, शास्त्रीय नाव युट्रिक्युलॅरिया, याच्या बऱ्याच जाती आहेत. मध्ये पांढरी बटणं दिसतात ती गेंद. मी पहिल्या तासात समोरून धडाधड 60 फोटो काढले, आणि घरी येऊन बघतो तर एकाचीही जात नक्की ठरेना! कारण ओळख पटते ती बाजूने. फुलाच्या मागे सोंडेसारखी नळी असते, वर-खाली मिळून दोनच निदलं (कळीला झाकणारी बाहेरची छोटी पानं), आणि फुलताना पानं बहुतेक गायब झालेली, नुसती काडी उभी. शेजारी तशीच बारीक जांभळी लिंडर्निया असू शकते, तिला समोरासमोर पानं असतात आणि मागे ती नळी नसते, एवढं बघितलं तरी निम्मा गोंधळ संपतो. काडी गवताला वेढे घेत वर चढली असेल आणि खालच्या ओठावर जाळीसारख्या रेषा असतील तर सीतेच्या आसवांची रेटिक्युलाटा ही जात धरायला हरकत नाही. ओल्या शेवाळलेल्या कातळाला चिकटलेली फिकट, पसरट पंख्यासारखी फुलं दिसली तर स्ट्रायाटुला ही जात असण्याची शक्यता जास्त.

सीतेची आसवं ही वनस्पती कीटकभक्षी आहे, पण फुलात काही पकडत नाही हां (माझा भाचा बोट घालून बघत होता). सापळे चिखलात असतात, टाचणीच्या टोकाएवढे फुगे. कातळावर मातीचा पातळ थर, त्यात नत्र कमी, म्हणून हा उद्योग. लाल चिकट दवबिंदू (ड्रॉसेरा, ही दुसरी कीटकभक्षी वनस्पती) त्याच ओलीत सापडतो.

भिंग 10 पटीचं न्या, मोबाईल जमिनीला टेकवून आडवा धरा, मागे हाताची सावली केलीत की फोकस बसतो. पायवाट सोडू नका, कडेच्या ओघळातच सगळं मिळतं. आणि सुके मोजे, दोन जोड. मी एकच नेला होता, परतीचा घाट अनवाणी पायाने क्लच दाबत उतरलो.