स्टार्टरचे पॉइंट खाणारी ठिणगी आणि घरचा पीसीबी

मोटरपंपाचा स्टार्टर उघडून ज्यांनी कधी आतले पॉइंट पाहिलेत त्यांना माहीतच आहे, चालू-बंद होताना दरवेळी ठिणगी पडते आणि हळूहळू पॉइंटला खड्डे पडतात, मग आपण काचपेपर मारतो नाहीतर नवीन सेट टाकतो. १९४३ च्या सुमारास मॉस्कोत बोरिस आणि नताल्या लाझारेन्को हे नवरा-बायको हीच झीज कशी थांबवायची ते शोधत होते, त्यांचे पॉइंट टंगस्टनचे होते. झीज काही थांबली नाही, पण तेलात बुडवून ठिणगी पाडली की ती एकसारखी होते हे त्यांना दिसलं आणि त्यांनी त्यातूनच धातू कापायची पद्धत काढली. आज एमआयडीसीत जॉबमध्ये तुटलेला टॅप (आटे पाडायचं हत्यार) स्पार्क मशीनवर काढतात ती हीच.

आता पीसीबी म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटचा बोर्ड, त्याच्या फायबरवरचं तांबं असतं साधारण फक्त ३५ मायक्रॉन. एवढा पातळ थर उडवायला मोठी मशीन कशाला पाहिजे? आमचं गाव दर्यापूरकडचं, मी सिंगल फेजिंग आणि ड्राय रनचे, म्हणजे एक फेज गेली किंवा पाणी संपलं की पंप बंद करणारे, छोटे बोर्ड बनवतो, आणि नको असलेलं तांबं विरघळवायला वापरतात ते फेरिक क्लोराइड मला गावात नकोच होतं. वापरून झाल्यावर त्या पाण्यात तांबं विरघळलेलं असतं, ते ओतायचं कुठं? नालीत ओतलं की नाल्यात जाते आणि नाल्यावर ढोरं पाणी पितात.

तर ठिणगीनं तांब्यात रेघ कापून ट्रॅक (करंट जायच्या तांब्याच्या वाटा) वेगळे करणारी माझी मशीन अशी आहे. २४-०-२४ चा ट्रान्सफॉर्मर, दोन टोकांवर ४८ व्होल्ट एसी, ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड) आणि फिल्टर कॅपॅसिटरनंतर साधारण ६६ व्होल्ट डीसी (ट्रान्सफॉर्मर न लावता डायरेक्ट लाइनवर हे कोणीच करू नका, जीव जाईल). पुढं १०० ओमचा ५० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर आणि त्यानंतर ०.४७ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर. खरं काम हा छोटा कॅपॅसिटरच करतो, भरतो आणि ठिणगीत रिकामा होतो, एका ठिणगीत एक मिलिज्यूलच्या आसपास ऊर्जा. इथं १० मायक्रोफॅरड लावला तर तीच २२ मिलिज्यूलच्या जवळ जाते, काम लवकर होते पण रेघ फाटते आणि खालचा फायबर काळा पडतो, म्हणून घाई करायची नाही. बोर्ड प्लसला, सुई मायनसला, म्हणजे बोर्ड जास्त खाल्ला जातो आणि सुई कमी. सुई म्हणजे टिग वेल्डिंगचा टंगस्टन रॉड, ग्राइंडरवर टोक काढलेला. तिला एसीवर चालणाऱ्या घंटीच्या कॉईलनं हलवतो, ५० हर्ट्झला सेकंदाला १०० वेळा टेकते आणि सुटते, त्यामुळं सुई बोर्डाला चिकटून बसत नाही.

टेबल सरकवायला दोन नेमा १७ स्टेपर मोटरी, एका फेऱ्यात ८ मिलिमीटर सरकवणारे स्क्रू, आणि मोटरी चालवायला अर्डुइनोच्या छोट्या बोर्डावर जीआरबीएल हा प्रोग्राम. खाली ग्रॅनाइटचा तुकडा, कारण प्लायवूड पाण्यानं फुगते. ठिणगीच्या नॉइजनं लॅपटॉपची यूएसबी अधूनमधून सुटते, म्हणून मी फाइल एसडी कार्डवरून चालवतो आणि मोटरींची सप्लाय वेगळी ठेवतो.

ठिणगी एकसारखी पडायला बोर्ड तेलात नाहीतर पाण्यात बुडवावा लागतो, आणि पाणी हा आमच्याकडचा खास विषय. आमचा खारपाणपट्टा, बोअरचं पाणी इतकं खारं की त्यातून करंट सरळ वाहतो आणि ठिणगी बनतच नाही. रॉकेल चालते पण आगीची भीती. बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड पाणी सगळ्यात बरं, बोर्डावर बोटभर ठेवायचं, तांब्याच्या कणांनी गढूळ झालं की बदलायचं. शेजारचे काका बघायला आले तर म्हणे, "काऊन रे, पाण्यात वेल्डिंग करून राह्यला का?" म्हटलं, हाव काका, जवळपास तेच. पाण्याखाली बारीक हिरवट ठिणगी चर्र करत पुढं सरकते आणि मागं तांबं जाऊन पिवळट रेघ उघडी पडते, ते बघत बसावंसं वाटते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि बाकी सगळं जमलं तरी बोर्ड इथंच अडतो. ठिणगी तिथंच पडते जिथलं तांबं अजून प्लसच्या क्लिपला जोडलेलं आहे. एखाद्या ट्रॅकभोवती रेघ पूर्ण फिरली की तो ट्रॅक बेट झाला, त्याच्यावर सुई कितीही फिरवा, काहीच होत नाही. म्हणून कोणती रेघ आधी आणि कोणती नंतर हे डिझाइनच्या वेळीच ठरवायचं. क्लिपपासून लांबचं आधी, जवळचं शेवटी. दोन ट्रॅक अगदी शेजारी असतील तर त्यांच्यामधली रेघ दोन्ही जोडलेले असतानाच कापून घ्यायची. बाहेरची तांब्याची चौकट शेवटपर्यंत अखंड ठेवायची आणि प्रत्येक ट्रॅकला चौकटीशी एक बारीक पूल सोडायचा, हे पूल सगळ्यात शेवटी कापायचे. मी क्लिपा पण चारही कोपऱ्यांना लावतो, एक ढिली झाली तरी काम थांबत नाही.

मध्येच लाइन गेली तर जागा हरवते, त्यासाठी लिमिट स्विच लावून होमिंग घ्या, म्हणजे टेबल आधी स्विचपर्यंत नेऊन तिथून मोजायचं, परत तिथूनच सुरू करता येते.

कापून झालं की बोर्ड धुवून वाळवायचा, बल्बासमोर धरला की रेघांमधून उजेड येतो, जिथं येत नाही तिथं खूण करायची. मग मल्टिमीटर बीपवर ठेवून शेजारशेजारचे ट्रॅक तपासायचे, बीप आला तर तिथं केसाएवढं तांबं राहिलेलं असते, ते कटरच्या टोकानं खरवडायचं आणि बोर्ड ड्रिलला घ्यायचा.