जात ठरली नाही

कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्याच्या बाहेर, एका गावाच्या ई-क्लास, म्हणजे सरकारी चराईच्या जमिनीवर मार्चच्या सुरुवातीला आमची पक्षीगणना चालू होती. हरभरा निघून गेलेला, माळावरची कुसळं मोज्यांत रुतत होती. सोबत कॉलेजची दोन पोरं. ऊन वर येईपर्यंत त्यांच्या तक्त्यात एकच नाव भरलं होतं: चंडोल, चंडोल, चंडोल.

या माळावर चिमणीएवढं, भुरं नि छातीवर रेघा असलेलं पाखरू पाच-सहा जातींपैकी काहीही निघू शकतं. पुस्तकातली चित्रं सगळी एका बाजूला तोंड करून निवांत बसलेली. इथं पाखरू ढेकळाआड गेलं की गेलंच. म्हणून मी आधी चाल पाहायला सांगते. तीरचिमणी सडपातळ, लांब पायांची. तुरुतुरु धावते, थबकते, शेपटी खालीवर करते, उडाली की शेपटीच्या कडांना पांढरं दिसतं. चंडोल अंगानं भरलेला, चोचीनं जाड, दबून चालणारा. इंग्रज अधिकारी कर्नल साइक्सनं १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांत नोंदवलेला चंडोल तुऱ्यावरून ओळखता येतो, पण तो लेकाचा दुसऱ्या पाखरांचे आवाज काढतो. नुसत्या कानावर विसंबायची सोय नाही.

धुऱ्यावरच्या एका पाखरावरून पोरांचं जुंपलं. एक म्हणे डोंबारी नावाच्या छोट्या चंडोलाची मादी, दुसरा म्हणे तांबूस शेपटीचा चंडोल. डोंबाऱ्याचा नर काळ्या पोटामुळे लगेच कळतो, मादी मात्र निव्वळ मातकट. मी म्हटलं, भांडू नका, उडू द्या त्याला.

उडालं तेव्हा पंखांत तांबूस रंग चमकला. शेपटी मात्र गडद. म्हणजे दोघंही हरले. पाखरू गात वर चढलं, मग पंख उंच धरून, पाय खाली लोंबते सोडून, तरंगत एका बोरीवर उतरलं. झुडपी चंडोल.

मागं एक ढोरकी काठीला टेकून उभे होते. "काय पाहून रायले जी मॅडम, एवढ्या येळचे?"

मी पाखरू दाखवलं.

"थे तं असंच पाय लोंबवते. पावसाळ्यात या, दिवसभर थेच चालू रायते त्याचं."

दुपारी मात्र अडलो. नांगरलेल्या वावरात एक तीरचिमणी, छाती जवळजवळ बिनरेघांची. हिवाळी पाहुणी टॉनी पिपिट (पिपिट म्हणजे तीरचिमणीच) असावी, पण चोच नि डोळ्यामधली गडद रेघ बघायची तर उन्हाच्या झळांत डोकंच हलताना दिसत होतं. फोटोत नुसती पाठ.

"मॅडम, पॅडीफील्ड पिपिट लिहू का? तीच जास्त असते इथं."

असंच लिहून लिहून गणना बिघडते. पॅडीफील्ड बारमाही, टॉनी उन्हाळ्याआधी निघून जाणारी. दोघी एकाच रकान्यात कोंबल्या तर पाहुण्या कधी गेल्या हे तक्ता कसा सांगणार? मी लिहायला लावलं: तीरचिमणी, जात ठरली नाही.

दुसऱ्या दिवशी तक्ता मागवणाऱ्यांचा फोन आला. रकाना अपुरा आहे, म्हणे. फोटो पाठवला नि म्हटलं, तुम्हीच ठरवा. अजून कोणी नाव कळवलेलं नाही.