चिठ्ठीवरचे उत्तर

एमबीएच्या पहिल्या तासाला मी दरवर्षी मुलांना एका चिठ्ठीवर लिहायला सांगतो: नोकरी की व्यवसाय, आणि का? व्यवसाय निवडणाऱ्यांचे कारण बहुधा ठरलेले असते: 'कोणाच्या हाताखाली राबायचे नाही.' पूर्वी मला ते खरे वाटत असे. पण दोन वर्षांनी त्यांतलेच बहुतेक जण टाय सारखा करत कॅम्पस मुलाखतीच्या रांगेत उभे असलेले पाहिल्यावर तो विश्वास ओसरला.

मानसशास्त्रज्ञ इसेक आयझेन यांच्या १९९१ च्या मांडणीनुसार माणसाचा हेतू तीन गोष्टींवर उभा असतो: त्या कृतीविषयीचे स्वतःचे मत, जवळच्या माणसांची अपेक्षा आणि 'हे मला जमेल' ही खात्री. माझ्या वर्गात पहिलीची वाण कधीच नसते. दुसरी घरोघरी वेगळी असते, आणि मुलींच्या बाबतीत तर 'आधी लग्नाचे बघू' या एका वाक्यात चर्चा आटोपते. खरे अडते ते तिसरीवर. मुद्रा योजनेतून २०१५ पासून तारणाशिवाय कर्ज मिळू शकते, तरी 'कर्ज मिळते म्हणून' असे आजवर एकाही चिठ्ठीवर वाचलेले नाही.

इचलकरंजीच्या एका मुलाने मात्र चिठ्ठीवर स्पष्ट 'नोकरी' लिहिले होते. वडील खर्चीवाले, म्हणजे सूत व्यापाऱ्याचे, माग आपले आणि मजुरी पिकावर, म्हणजे कापडात भरलेल्या आडव्या धाग्यांच्या हिशोबाने. आठ मागांच्या खडखडाटात वाढलेल्या त्या मुलाने थकलेल्या मजुरीसाठी वडिलांना पेढीच्या पायरीवर ताटकळताना पाहिले होते. त्याने उन्हाळी प्रकल्पासाठी घरचाच कारखाना निवडला, वीजबिल, कामगारांचा पगार आणि मजुरी हातात पडायला लागलेले दिवस आईच्या जुन्या वहीतून उतरवून काढले, तेव्हा त्याच्या ध्यानात आले की घर अडचणीत येत होते ते मागांमुळे नव्हे, पैसे उशिरा येत असल्यामुळे. धंद्याची भीती त्याला घरातून मिळाली होती. ती नेमकी कशाची, हे त्या रकान्यांनी दाखवले. प्रेरणादायी व्याख्यानांना हे साधत नाही, असे माझे मत आहे (आमच्याकडे वर्षाला चार तरी होतातच).

पदवीनंतर त्याने नोकरी घेतली नाही. हल्ली तो दोन मागांवर स्वतः विकत घेतलेले सूत विणतो आणि कापड रोखीनेच विकतो. उरलेल्या सहा मागांवर अजून खर्चीचेच काम चालते.