दशावतारी गंजिफा : १२० पैकी ७८ पाने पूर्ण

मागची नोंद लिहून आठ महिने होत आले. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेली, खेळायची गोल पाने; त्यांचा आम्हा दोघांचा पहिला संपूर्ण दशावतारी संच कुठपर्यंत आला, हे कळवण्यासाठी आणि मधल्या काळात ज्या तीन चुकांनी आमचा वेळ गेला त्या सविस्तर सांगण्यासाठी हे लिहीत आहे. आमच्या घरातील कामाची वाटणी पूर्वीसारखीच आहे : पानाची घडण, पाठ, लाखेचा लेप आणि पेटी माझ्याकडे, पुढील बाजूची सर्व चित्रे पत्नीकडे. पत्नीचे माहेर कुडाळचे असल्यामुळे सावंतवाडीच्या चितारआळीतील लाकडी फळे आणि खेळणी तिने लहानपणापासून पाहिली आहेत, आणि गंजिफांचे वेडही तिनेच घरात आणले.

नव्याने या छंदाकडे वळलेल्या वाचकांसाठी थोडी पूर्वपीठिका देतो. दशावतारी संचात दहा अवतारांची प्रत्येकी १२ अशी १२० गोल पाने असतात. प्रत्येक अवताराचा एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा पाने. या दहा पानांवर त्या अवताराचे चिन्ह तितक्या वेळा काढलेले असते. आम्ही मत्स्यासाठी मासा, कूर्मासाठी कासव, वराहासाठी शंख, नरसिंहासाठी चक्र, वामनासाठी कमंडलू, परशुरामासाठी परशू, रामासाठी बाण, कृष्णासाठी गाय, बुद्धासाठी कमळ आणि कल्कीसाठी तलवार ही चिन्हे घेतली आहेत. प्रत्येक अवताराच्या पानांची जमीन, म्हणजे चित्रामागची पार्श्वभूमी, वेगळ्या रंगाची ठेवली आहे, कारण हातात पाने पसरल्यावर चिन्ह दिसण्याआधी जमिनीचा रंग दिसतो.

आमचा हट्ट एकच आहे, आणि पुढची सारी हकीकत त्यातूनच आली आहे : हा संच खेळता आला पाहिजे. सध्या गंजिफा बहुतेक ठिकाणी चौकटीत बसवून भिंतीवर लावण्यासाठी घेतल्या जातात. आम्हीही प्रदर्शनांत सुटे राजे चौकटीसह विकतो आणि त्याच पैशांतून या संचाचे साहित्य येते, त्यामुळे त्या विक्रीला मी कमी लेखत नाही. तरीही जे पान खेळण्यासाठी जन्मले ते कोणाच्या तरी हातात फिरावे, अशी आम्हा दोघांची मनापासून इच्छा आहे.

पहिली चूक घडणीची. गेल्या दिवाळीत कुडाळला आम्ही केवळ तीन अवतारांची ३६ पाने घेऊन गेलो आणि सासरच्या मंडळींसोबत चार जणांनी दोन तास ती खेळून पाहिली. गंजिफा पत्त्यांप्रमाणे हातात पिसता येत नाहीत. त्या चादरीवर उपड्या पसरून दोन्ही तळव्यांनी फिरवून मिसळाव्या लागतात. या मिसळण्यात पानाच्या कडांवर किती ताण येतो, याची मला तोवर कल्पना नव्हती. खेळ संपेपर्यंत ११ पानांच्या कडा उकलल्या होत्या आणि आतील कापडाचे धागे बाहेर आले होते. शिवाय पाने जाड झाली होती. ही अडचण मला अधिक गंभीर वाटली, कारण तीन खेळाडूंच्या डावात प्रत्येकाच्या वाट्याला ४० पाने येतात. माझे पान सुमारे १ मिलिमीटर जाडीचे होते, म्हणजे एका हातात ४ सेंटिमीटरचा ठोकळा. तो पंख्यासारखा पसरणे कोणालाही शक्य नव्हते. सासऱ्यांनी पाने हातात घेऊन, पुन्हा खाली ठेवून, शांतपणे एवढेच म्हटले, ‘‘जावईबापू, चित्रं देखणी आहेत, पण धरायची कशी?’’

जानेवारीत मी घडण पहिल्यापासून नव्याने केली. पूर्वी तीन थर कापड आणि दोन थर कागद घेत असे. आता जुन्या, पुष्कळदा धुतलेल्या धोतराचा एकच थर मध्ये आणि दोन्ही बाजूंना पातळ हातकागद, अशी रचना ठेवली आहे. हातकागदाचा आग्रह धरण्यामागे कारण आहे. यंत्रावर तयार झालेल्या कागदात तंतू मुख्यतः एकाच दिशेने लागतात आणि ओलाव्याने तो एका दिशेला अधिक फुगतो, त्यामुळे पान होडीसारखे वळते. हातकागदात तंतू सर्व दिशांना विखुरलेले असल्याने तो बराच सारखा वागतो. पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागद आम्हाला या कामासाठी फार चांगला वाटला.

चिकटवण्यासाठी चिंचोक्याची खळ वापरतो. चिंचोके भाजून, टरफले काढून, रात्रभर भिजवून, बारीक वाटून मंद आचेवर सतत ढवळत शिजवायचे आणि गरम असतानाच मलमलीतून गाळायचे. गाठी राहिल्या तर घोटताना त्या हमखास वर येतात. पुस्तकबांधणीच्या कामात खळीत चिमूटभर मोरचूद घालतात, तसे मीही घालतो, म्हणजे बुरशी आणि कसर लागत नाही. मोरचूद विषारी असल्याने हातमोजे घालावेत आणि ते भांडे पुन्हा स्वयंपाकात आणू नये. चिकटवलेला तक्ता दोन फळ्यांमध्ये वजनाखाली चार दिवस ठेवला, मग दोन्ही बाजूंना खडूची पूड आणि डिंक यांचे पातळ हात दिले आणि अकीकाच्या दगडाने घोटून गुळगुळीत केला. त्यातून ७ सेंटिमीटर व्यासाच्या १४० चकत्या कापल्या. जाडी ०.७ मिलिमीटर भरली. आता ४० पाने २.८ सेंटिमीटरमध्ये मावतात, आणि पत्नीच्या लहान हातातही ती पसरतात.

कडांचा प्रश्न अपेक्षेपेक्षा सहज सुटला. चकत्यांची चळत करून ती शिकंजात घट्ट आवळली आणि सभोवार पातळ केलेल्या लाखेचे तीन हात दिले. लाख थरांच्या फटींत शिरून त्यांना बांधून ठेवते. नंतर चकत्या सुट्या करताना पातळ सुरी वापरावी. हाताने ओढल्यास कागदाचा पापुद्रा निघतो. त्यात माझ्या नऊ चकत्या गेल्या आणि १३१ उरल्या.

दुसरी चूक पाठीच्या रंगाची, आणि ती पूर्णपणे माझी होती. सर्व पानांची पाठ लाल ठेवायची ठरली होती. पहिल्या ८० चकत्या फेब्रुवारीत रंगवल्या आणि उरलेल्या ५१ मार्चमध्ये, नव्याने कालवलेल्या रंगाने. दोन्ही लाल मला एकसारखेच दिसत होते. त्यातच सर्वांत सपाट अशा २० चकत्या मी राजे आणि प्रधान यांच्यासाठी बाजूला ठेवल्या होत्या आणि त्या सगळ्या दुसऱ्या घाण्यात रंगवल्या गेल्या. चकत्यांच्या पुढील बाजूस फिकट शिसपेन्सिलीने नावे घातली होती. एका संध्याकाळी सर्व चकत्या चादरीवर उपड्या टाकून मिसळल्या, तेव्हा पत्नीने क्षणभर पाहिले आणि एकेक करत १४ चकत्या उचलल्या. त्यांतील नऊ राजे किंवा प्रधान निघाले. ‘‘अहो, हा लाल जरा जांभळटाकडे झुकतोय,’’ ती म्हणाली. ज्या संचात राजा पाठीवरून ओळखता येतो तो खेळायला बाद. सर्व १३१ पाठी खरवडून, एकाच बरणीत एकदम कालवलेल्या रंगाने, एकाच दिवशी पुन्हा रंगवल्या. पूर्ण संचाला पुरेल एवढा रंग एकदाच कालवावा आणि चकत्यांची वाटणी पाठ रंगवून झाल्यावरच करावी, हे मी आता कामाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.

चित्रांविषयी पत्नीने लिहिले असते तर अधिक बरे झाले असते, पण तिला लिहिण्यापेक्षा रंगवणे प्रिय आहे. सात अवतारांची चिन्हांची पाने, म्हणजे ७०, झाली आहेत. सहा राजे आणि दोन प्रधान झाले आहेत. चिन्हाच्या एका पानास सरासरी ४० मिनिटे आणि राजाला सहा ते सात तास लागतात. सर्वांत कठीण पान तिच्या मते कासवाची दश्शी : दहा कासवे गोलात अशी बसवायची की ती मोजताना नजर अडखळू नये. हे पान तिने चार वेळा काढले, आणि चौथ्या वेळी मधोमध दोन कासवे एकमेकांकडे तोंड करून ठेवल्यावर ते जमले. प्रधान पारंपरिक पानांत बहुधा घोड्यावर दाखवतात. आठ घोडे अजून बाकी आहेत, आणि घोड्यांचे पाय ७ सेंटिमीटरमध्ये बसवणे हे या पावसाळ्यात आमच्या घरातील चर्चेचे मुख्य विषय होते.

तिसरी चूक पावसाळ्याचीच. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून मी तिचे पातळ हात देतो. जुलैत पूर्ण झालेल्या पहिल्या २४ पानांवर घाईने लेप दिला आणि दहा मिनिटांत त्यांवर पांढरट धुके पसरले. मत्स्याची गडद जमीन राखेसारखी दिसू लागली. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतील पाणी त्यावर बसते आणि लाखेत अडकते. पत्नी त्या रात्री काही बोलली नाही, आणि मला फार वाईट वाटले. सुदैवाने दोष लेपातच असतो, खालच्या रंगात नाही. कोरड्या हवेची वाट पाहून, स्पिरिटमध्ये जेमतेम ओलावलेल्या मलमलीच्या बोळ्याने अगदी हलका हात फिरवल्यावर २२ पाने पूर्ववत झाली. दोन पानांवर मी हात जड दिला आणि रेषा पुसल्या. ती तिने पुन्हा रंगवली. आता लाकडी खोक्यात दिवा लावून पाने आधी कोमट करतो, पावसाची झड असेल तर लाखेला हात लावत नाही आणि दोन्ही बाजूंना सारखेच हात देतो, कारण एकाच बाजूला लेप जास्त झाला की पान त्या बाजूला ओढले जाते.

विक्रीविषयी काही जणांनी विचारले होते. चिन्हांच्या १०० पानांचे सुमारे ६७ तास, राजा-प्रधानांचे १२० ते १३० आणि माझ्या कामाचे ६० धरले तर एका संचाला २५० तास होतात. तासाला केवळ १०० रुपये धरले तरी साहित्य सोडून २५,००० रुपये. ही किंमत खेळणाऱ्या कुटुंबाला परवडणारी नाही, हे आम्हाला मान्य आहे. सावंतवाडीच्या परंपरेत दरबारी आणि बाजारी असे दोन प्रकार आहेत : दरबारी पानांना नक्षीदार काठ असतो, तर बाजारी पाने साधी आणि झपाट्याने ओढलेल्या रेषांची असतात. मला बाजारी पाने मनापासून अधिक आवडतात. त्यांतील मासा तीन फटकाऱ्यांत पोहू लागतो. पुढचा संच त्याच हाताने काढायचा आणि निम्म्या किमतीत द्यायचा, असे आम्ही ठरवले आहे.

ही परंपरा आज आपल्या हाती आहे, ती एका दांपत्यामुळेच. कला विझत आली असताना १९७०च्या दशकाच्या प्रारंभी सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ती स्वतः शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारागिरांना बसवून काम सुरू केले. राजवाड्यात काम करणाऱ्या कलाकारांच्या मागे उभे राहून पत्नीने पहिल्यांदा हा कुंचला कसा धरतात ते पाहिले.

आता ४२ पाने उरली आहेत : परशुराम, बुद्ध आणि कल्की यांची ३० चिन्हांची, चार राजे आणि आठ प्रधान. राम आणि कृष्ण यांचे राजे पत्नीने मुद्दाम शेवटी ठेवले आहेत, कारण दिवसा डाव रामाच्या राजाने सुरू होतो आणि रात्री कृष्णाच्या. कुडाळला निरोप गेला आहे. सासऱ्यांनी चादर धुऊन ठेवल्याचे कळवले आहे.